पाण्याच्या दिवसाचा मिस्तरी

आमच्या गल्लीतली वॉशिंग मशिनं पायी हिंडत. पटत नसेल तर राहू द्या. माझं निम्मं बोलणं लोकांना पटत नाही आणि उरलेलं निम्मं मलाच पटत नाही. पण गारखेड्यातल्या त्या गल्लीत जुन्या कुणालाही विचारा. समोरच्या हेडमास्तरांचं मशीन मोरीतून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. पाण्याच्या नळीनं त्याला मागून धरून ठेवलं म्हणून, नाहीतर देवघरात जाऊन नमस्कार करूनच ते परतलं असतं.

कारण साधं होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर आहे, पण नळाला पाणी दोन्ही नावांना आठव्या दिवशीच. तेही पाऊण तास. त्या पाऊण तासात टाकी, हंडे, बादल्या, कूलर, पातेली, चहाच्या कपबश्यासुद्धा भरून घ्यायच्या आणि वर आठ दिवसांचं धुणं. त्यामुळं अख्ख्या गल्लीची मशिनं एकदमच सुरू व्हायची, आणि प्रत्येक गळ्यापर्यंत कोंबलेलं. धुऊन व्हायचं कसंतरी. पण पिळायची वेळ आली, आतलं पिंप गरगरा फिरायला लागलं आणि ओले कपडे एकाच अंगाला गोळा झालेले असले की सुरू: थडथड, थडथड, थडथड. मग मशीन जागा सोडायचं. चार घरं एकदम पिळायला लागली तर दौलताबादच्या किल्ल्यावरची माकडं खाली उतरत असं म्हणतात. म्हणणारा मीच.

लोकांचे उपायही एकेक. कुणी मशिनीवर पाटा-वरवंटा ठेवायचं, कुणी गव्हाचं अर्धं पोतं. हेडमास्तर स्वतः बसायचे. वर्तमानपत्र घेऊन, मांडी घालून, मशिनीवर. पिळणं संपेपर्यंत त्यांचे दोन अग्रलेख वाचून व्हायचे, कारण प्रत्येक ओळ त्यांना दोनदोन दिसायची.

अशा गल्लीत भागिनाथ मिस्तरी आला. आज तिथं त्याचं नाव काढलं तर बायका विषय बदलतात, म्हणून म्हटलं आपणच एकदा काढावं.

उंची सहा फूट आणि रुंदी अशी की दाराची कडी न काढता फटीतून आत यावा. अंगात वाळूजच्या कुठल्याशा कारखान्याचा राखाडी शर्ट. खिशावरचं कंपनीचं नाव त्यानं स्वतः टाका टाका उसवून काढलेलं, पण कापड तेवढ्यापुरतं गडद राहिलेलं, त्यामुळं नसलेलं नाव लांबूनही वाचता यायचं. तिथं तो दहा वर्षं होता, कंत्राटावर. मोठमोठी लोखंडी चाकं फिरवून बघायची, कुठल्या अंगाला जड आहेत ते शोधायचं, तिथं चिमूटभर लोखंड खरवडायचं, पुन्हा फिरवायची. एका सकाळी गेटावर त्याचं कार्ड चाललं नाही. वॉचमननं तीनदा लावून बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे भाऊ, मागं लाइन लागली." दहा वर्षांच्या नोकरीचा निरोपसमारंभ एवढाच. भागिनाथ हे सांगताना हसायचा. आपण हसलो की मात्र थांबायचा.

मूळचा देवगाव रंगारीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तोल म्हणजे काय ते तो कारखान्यात नाही शिकला. "आमचं बिऱ्हाड घोडीवर," तो सांगायचा. "एका अंगाला जातं, दुसऱ्या अंगाला मी. जात्याच्या तोलाचा होतो म्हणून बसायला मिळायचं. पुढं मी वाढलो, जातं काय वाढलं नाय. मग माझ्या जागी दोन कोकरं बांधली अन् मला म्हनले, चल पायी."

त्याची काम करायची तऱ्हा इतर मेकॅनिकांच्या उलटी. दुसरे आले की पहिल्यांदा म्हणत, कपडे काढा बाहेर. हा म्हणायचा, हात लावू नका. चपला दाराबाहेर काढायचा, मशिनीच्या झाकणावर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. वैद्य नाडी बघतो तसं म्हणणार होतो, पण वैद्य इतका वेळ बघत नाहीत. मग झाकण उघडून आतल्या कपड्यांकडं टक लावून बघायचा. एवढ्यावर त्याला त्या घरातलं सगळं कळायचं. हेडमास्तरांच्या मशिनीत त्यानं डोकावलं आणि म्हणाला, "सर, जाड घोंगडी एकटीच टाकली व्हय? ती एकटी हाय म्हणून एका अंगाला जाऊन बसली. संगं दोन टावेल टाका, समोरच्या अंगाला. अन् खाली उतरा आता."

"मशीन येडं नसतंय. भरणारा घाईत असतोय." हे त्याचं आवडतं वाक्य. दिवसाला चाळीस वेळा म्हणायचा. मग खाली वाकून मशिनीचे चारही पाय फिरवून सारखे करायचा, कारण आमच्या मोऱ्यांच्या फरश्यांना पाणी जायला उतार, आणि उतारावर उभं राहून माणूससुद्धा सरळ नाचू शकत नाही. काम झालं की घरच्या बाईला म्हणायचा, "एक चहा टाका. बशीत द्या." काठोकाठ भरलेली बशी तो मशिनीवर ठेवायचा आणि मशीन पूर्ण वेगानं पिळायला लावायचा. थेंब सांडला नाही तर उचलून प्यायचा. सांडला तर बशी बाजूला सारायची आणि पुन्हा पायांशी बसायचं. आमच्या खालाच्या घरी त्यानं तीन बश्या बाजूला सारल्या होत्या.

खाला, म्हणजे आम्हा सगळ्यांची मुसलमान मावशी, गल्लीच्या तोंडाशी राहायची. तिच्या मुलानं तिला नवं, समोरून दार असलेलं मशीन आणून दिलं होतं आणि ते पहिल्या दिवसापासून असं थरथरायचं की भिंतीवरचे दोन फोटो उतरून खाली बसले होते. खालानं नळीला ताईत बांधला होता.

"मिस्तरी भाई, इसमें कुछ तो भी हय," ती कुजबुजली. "मय बोलती नै किसीकू. पन हय."

भागिनाथनं मागं जाऊन बॅटरी मारली. "व्हय खाला, हायत आत."

"कित्ते?"

"चार."

खालानं ओढणी डोक्यावर घेतली. त्यानं पाना लावून मागून वीतभर लांबीचे चार बोल्ट काढले आणि तिच्या हातावर ठेवले. गाडीतून येताना आतलं पिंप हलू नये म्हणून कारखान्यात ते आवळतात. घरी आणल्यावर पहिल्यांदा ते काढायचे असतात. दुकानाच्या माणसाला घाई होती. तीन वर्षं ते पिंप बांधलेल्या बैलासारखं आतल्या आत हिसडे देत होतं. खालानं ते बोल्ट शोकेसमध्ये ठेवले आणि आल्यागेल्याला दाखवायची: "ये देखो, ये ईच थे."

इथवर गंमत. आता तो झाकणाचा खटका सांगितला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावर आलं.

वरून झाकण असलेल्या मशिनीत, झाकणाच्या कोपऱ्याला, अंगठ्याएवढा एक खटका असतो. झाकण उघडलं की मशीन थांबतं, ते त्या खटक्यामुळं. आतलं पिंप फार हेलकावे खायला लागलं तरी त्याच खटक्याला धक्का बसतो, मशीन थांबतं आणि टीं-टीं करत बसतं. कधी कपडे सुटे व्हावेत म्हणून पुन्हा पाणी घेतं. पाण्याच्या दिवशी पुन्हा पाणी घेणारं मशीन म्हणजे घरचा शत्रू. म्हणून शहरातले निम्मे मेकॅनिक त्या खटक्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकायचे. दोन मिनिटांचं काम. टीं-टीं बंद, थांबणं बंद. मशीन थडथडत का होईना, पिळून मोकळं.

भागिनाथ ते करायचा नाही. कोपऱ्यावरच्या बंगलेवाल्यानं त्याला सरळ सांगितलं, "मिस्तरी, ते कोकलणं बंद करून टाक."

"सायेब, ते कोकलत नाय. सांगतंय."

"तुला काम करायचंय का कीर्तन?"

"काम. म्हणून तर ते करणार नाय," म्हणून पिशवी उचलून हा बाहेर. यामागचं कारण त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून पाना पुसता पुसता. वाळूजला शेजारच्या, पत्रा दाबायच्या मशिनीवर असाच एक खटका होता, हात आत असेल तर दाब खाली येऊ न देणारा. माल कमी निघतो म्हणून साहेबानं तो बांधून ठेवायला लावला. बांधणारा भागिनाथचा दोस्तच. त्याच आठवड्यात त्या दोस्ताची चार बोटं गेली. "गोळा करायला भांडं सापडंना," भागिनाथ म्हणाला. "चहाच्या ग्लासात नेली." मी यात काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

म्हणून तो गल्लीतल्या बायकांना दुसरी तऱ्हा शिकवायचा. मशीन थडथडायला लागलं की घाबरायचं नाही, वर बसायचं नाही. झाकण उचलायचं. ते आपोआप थांबतं. हात घालून कपडे चारी अंगांना सारखे पसरायचे, झाकण लावायचं. बस. पाण्याच्या दिवशी दारोदार जाऊन तो हे शिकवायचा, मेंढरांना औषध पाजल्यासारखं, एकेकीला धरून.

त्याची सगळ्यांत हुशार शिष्या सुमन. आमच्या खांद्याइतक्या भिंतीपलीकडच्या घरातली सून, वैजापूरची. नवरा रमेश वाळूजला पाळीवर. घरात सासू, तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. सुमन ब्लाउज शिवायची. तिनं शिवलेल्या ब्लाउजातला टाका शोधायला पोलीस बोलवावे लागले असते, इतकी बारीक शिलाई. चार वर्षांत तिनं गल्लीतली दोन टेलरिंगची दुकानं बसवली, म्हणजे बंद पाडली. आक्का सुनेवर ओरडायची दिवसभर, पण सुनेनं शिवलेलं लुगड्यावरचं पोलकं घालून देवळात मिरवायचीही.

त्या पाण्याच्या दिवशी आक्काच्या भाच्याच्या लग्नाचे पाहुणे नुकतेच गेले होते. चादरी, अंथरुणं, पंचे, पोरांचे कपडे. मोरीत ढीग असा की वेरूळचा डोंगर कोरून उरलेला मलबा इथंच आणून टाकलाय. मशीन पिळायला लागलं, थांबलं. टीं-टीं. पाणी घेतलं. पुन्हा थांबलं. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा आक्कानं भागिनाथला बोलावणं धाडलं. त्यानं तळहात ठेवला आणि लगेच काढला.

"दांडी तुटली एक. आतलं पिंप चार दांड्यांवर लटकलेलं असतंय, त्यातली एक गेली. दुकानातनं आणावी लागंल. आज नाय व्हायचं."

"आज नाय?" आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "नळाचं पाणी चाललं बघ, धार बारीक झाली. आज राहिलं तर आठ दिस ही घाण उराशी घेऊन बसू का? मिस्तरी, काय तरी कर, बाबा."

"आक्का, मी ते करत नाय."

"अहो, आजच्या दिवस करा की जुगाड! कोण बघतंय?"

हे शेवटचं वाक्य आक्काचं नाही. भिंतीवरून डोकावून मी ते बोललो होतो. ते बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं नळाकडं बघितलं. धार करंगळीएवढी झाली होती. मग तो खाली बसला. तुटलेल्या दांडीच्या जागी जाड तार आवळली, वरची पट्टी खोलली आणि खटक्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टेप गुंडाळली. सुमन तेव्हा गच्चीवर आधीचं धुणं वाळत घालत होती. उठताना त्यानं आक्काला सांगितलं, आणि हे मी भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकलंय: "आक्का, झाकण उघडायचं नाय. उघडलं तरी आता ते थांबणार नाय, फिरतच राहील. सूनबाईला सांगा. उद्या दांडी आणतो अन् हे काढून टाकतो."

"व्हय व्हय, सांगते. आधी चालू कर."

दुसऱ्या दिवशी दुकानात दांडी नव्हती. परवा येईल म्हणाले. परवा देवगावहून फोन आला, त्याचा चुलता गेला होता. भागिनाथ गावी गेला, माती झाली, सावडणं झालं, आणखी दोन दिवस राहिला. फोन करावा असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण त्यानं आमच्या गल्लीचा हिशोब केला: मशीन लागणार पाण्याच्या दिवशी, पाणी येणार आठव्या दिवशी, आपण आठव्या दिवशी सकाळीच पोचतो.

त्या खेपेला पाणी सातव्या दिवशी आलं.

एरवी दिवस उलटूनही नळ कोरडा राहायचा. एक दिवस आधी पाणी आल्याचं मला तेवढंच एकदा आठवतं. गल्लीत आनंदीआनंद झाला. लोकांनी एकमेकांना हाका मारल्या. मीही मारल्या. आणि त्या गडबडीत शेजारी थडथड सुरू झाली. ती थडथड ऐकून सुमन मोरीत गेली असणार आणि शिकवलं होतं तेच तिनं केलं. झाकण उचललं. हात घातला.

ती ओरडली नाही. मी ऐकलं ते इतकंच, की थडथड एकदम बदलली, जड झाली, आणि थांबेना. हेडमास्तर अनवाणी धावत आले आणि त्यांनी मीटरखालचा मेन स्विच पाडला. तेव्हा कुठं ते थांबलं. चादरीचा पीळ कोपरापर्यंत चढला होता. तो कात्रीनं कापावा लागला, आणि कात्री तिच्याच शिलाईच्या टेबलावरची.

आठव्या दिवशी सकाळी भागिनाथ आला. हातात नवी दांडी. घराला कुलूप. खाला त्याला म्हणाली, सुमननं फिरत्या मशिनीत हात घातला. तो तिथंच पायरीवर टेकला. मग दांडी तशीच हातात घेऊन गेला आणि दीड महिना फिरकला नाही. तोंड लपवलं त्यानं. मी तरी काय केलं? मला सगळं माहीत होतं आणि मी रोज सकाळी आक्काला नमस्कार करून दूध आणायला जात होतो.

सुमन घरी आली ती उजव्या हातात सळया घालून. हाडं जुळली, बोटं नाही. अंगठा तेवढा जरा हलायचा. आणि आक्कानं दारात बसून सुरू केलं: "धांदरट. फिरत्या मशिनीत हात घालणारी बाई कुठं बघितली का?"

"आत्या, मी झाकण उघडलं होतं," सुमन म्हणायची. "ते थांबलं नाय."

"ऐका! उघडलं तर थांबत नाय?"

आणि गल्लीतल्या सगळ्या बायका माना डोलवायच्या, कारण झाकण उघडलं की मशीन थांबतं हे प्रत्येकीला भागिनाथनं स्वतः शिकवलेलं. पोरगी खरं बोलत होती आणि तिच्या खऱ्यावर त्या गल्लीत कुणाचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. हळूहळू तिचाही बसेनासा झाला. एकदा तिनं मला भिंतीवरून विचारलं, "काका, मी उघडलं असंन ना झाकण नीट?" मी म्हणालो, "आराम कर, बाळ."

पुढं बोलणं त्याच्याही पुढं गेलं. शिवण गेलं, भाकरी थापता येत नाही, अशी सून काय करायची? वैजापूरहून तिच्या वडलांना बोलावलं. चार दिवस माहेरी राहू दे म्हणाले, पण चार दिवसांसाठी कुणी शिलाई मशीन सोबत बांधून देत नाही. ते बांधून दारात ठेवलं होतं. रमेश खाली मान घालून बसलेला. हेडमास्तर आणि मी, शेजारधर्म म्हणून. खालानं भागिनाथला फोन करून सांगितलं असावं, कारण तो आला. पिशवी नव्हती. चपला बाहेर काढल्या आणि कुणाला काही न बोलता घरातून थेट मागच्या अंगणात गेला. मशीन तिथं उन्हात पडलेलं. आम्ही मागोमाग.

त्यानं वरची पट्टी खोलली आणि टेप गुंडाळलेल्या वायरी ओढून बाहेर काढल्या.

"हे मी केलं," तो म्हणाला. "पोरगी खोटं नाय बोलली. झाकण उघडलं तरी हे थांबणार नव्हतं. अन् उघडून हात घालायचा, हे तिला मीच शिकवलं."

मग रमेशनं विचारलं, अगदी हळू, "मग कुणाला सांगितलं का नाय, की उघडू नका म्हणून?"

आक्का भागिनाथकडं बघत होती. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं.

"नाय," भागिनाथ म्हणाला. "नाय सांगितलं."

रमेशनं त्याला मारलं. पहिली चपराक त्याच्या उंचीमुळं गळ्यावर बसली, दुसऱ्या वेळी तो जरा वाकला. सुमनचे वडील मशिनीला टेकून खाली बसले. सुमन दारात उभी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "गच्चीवर होते मी. एक हाक मारायची होती."

वैजापूरच्या गाडीनं तिचे वडील एकटेच परत गेले. बांधलेलं शिलाई मशीन पुन्हा आत घेतलं गेलं. चालवायला कुणी नव्हतं, तरी घेतलं.

मी भागिनाथला कोपऱ्यावर गाठलं. ओठ सुजला होता. म्हटलं, "तुम्ही आक्कांना सांगितलं होतं. मी ऐकलंय."

"मग तिथं का नाय बोलला?"

मी खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढं धरला.

"नाय बोलला ते बरं केलं," तोच म्हणाला. "म्हातारीचं नाव निघालं असतं, तर पोरीला त्या घरात पुन्हा कुणी नांदवलं असतं? तिला काय, त्याच उंबऱ्याआड दिवस काढायचेत. अन् कुणाला सांगितलं त्याला काय अर्थ हाय, काका? वायर कुणी जोडली?"

आक्कानंही ते कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती सुनेवर ओरडली नाही. सुनेवरच काय, कुणावरच नाही. ज्या घरातला आवाज क्रांती चौकापर्यंत जायचा, त्या घरात आता चमचा पडला तरी ऐकू यायचा.

भागिनाथला पुन्हा कुणी मशिनीला हात लावू दिला नाही. बंगलेवाला मोठ्यानं म्हणाला, "बघा, मोठा तत्त्वाचा होता!" त्याच्या स्वतःच्या मशिनीतला खटका तेव्हाही बांधलेलाच होता. भागिनाथ वाळूजला एका गेटावर वॉचमन म्हणून लागला. आता तो दुसऱ्यांची कार्डं लावून बघायचा. आणि पाण्याच्या दिवसासाठी आमच्या गल्लीत यायचा. आठव्या नाही, सातव्या दिवशी सकाळी येऊन त्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून बसायचा, आणि नळ आला की अंगणातल्या दगडावर त्या घराचं सगळं धुणं हातानं धुवायचा. पहिल्या वेळी रमेशनं त्याला हाकललं. दुसऱ्या वेळी बादली लाथेनं उडवली. तिसऱ्या वेळी रमेश पाळीवर होता, आणि आक्कानं कपड्यांचा ढीग मुकाट्यानं आणून दगडाशी ठेवला. बसायला पाट दिला नाही, पाणी विचारलं नाही. त्यानंही मागितलं नाही. ते मशीन भंगारात गेलं, दुसरं आलं नाही. असं दोन वर्षं.

मग मुलीनं आम्हाला पुण्याला बोलावून घेतलं. सामान टेम्पोत चढत होतं तो नेमका पाण्याचा दिवस. हेडमास्तरांच्या घरी थडथड चालू होती. मी भिंतीपाशी उगाच गेलो. भागिनाथ अंगणात मोठी गोधडी धुऊन उभा होता. ओली गोधडी एकट्या माणसाला पिळत नाही. दोन टोकांना दोघं लागतात. सुमन समोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत मी तिला त्याच्यासमोर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. तिनं डाव्या हातानं एक टोक धरलं. त्यानं आपल्याकडून पीळ द्यायला घेतला की तिच्या हातातून टोक निसटायचं, गोधडी चिखलात पडायची. तो उचलून पुन्हा धुवायचा, टोक तिला द्यायचा. दोनदा झालं. नळाची धार बारीक होत चाललेली.

तिसऱ्या वेळी तिनं ते टोक उजव्या हाताला, त्या वाळलेल्या मनगटाला, दोन वेढे देऊन गुंडाळलं. कोपर पोटाशी दाबलं.

"पिळा, भाऊ," ती म्हणाली.

तो टोक धरून उभाच राहिला. हात हलेनात. गोधडीतून पाणी टपटपत होतं.

"पिळा की. पाणी चाललं."

तो नुसता मान हलवत राहिला, नाय, नाय. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी वळलो. वळता वळता दिसलं ते एवढंच, की सुमननं ओठ दाताखाली धरले आणि आपल्याच बाजूनं पहिला पीळ दिला.